नव्या टाइल्सच्या मागे हिरवी वायर आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या बाथरूमच्या नूतनीकरणावर सचित्र लेख आला होता. लेख छान, फोटो त्याहून छान. पण मधल्या मोठ्या फोटोत वॉश बेसिनच्या उजव्या अंगाला, नळापासून हातभरही लांब नसेल, असा एक पांढराशुभ्र सॉकेट दिसतो. त्याला झाकण नाही. फोटोखाली ओळ आहे : 'हेअर ड्रायर, ट्रिमरसाठी सोय'. मी डोंबिवलीत विजेची कामं घेतो, परवानाधारक ठेकेदार आहे, आणि जुन्या इमारतींच्या बाथरूममध्ये स्टुलावर उभं राहण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. त्या फोटोवरून माझी नजर हलेना. बरं, तो सॉकेट निदान दिसतो तरी. जे टाइल्सच्या मागे जातं त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, पण पाइपांचा भाग तेवढा ठेवा.

बाथरूममध्ये विजेचं काय कुठे असावं याचे नियम आहेत. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाने न्हाणीघराचे भाग पाडून दिले आहेत, आणि आपलं भारतीय मानक आयएस ७३२ त्याच वळणाने जातं. अंघोळीसाठी वेगळा टब किंवा शॉवरचं कुंड नसेल, तर पाणी जिथून पडतं तिथपासून चहूबाजूंना १.२ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतची जागा ओली धरायची. तिथे साधा स्विच नको, सॉकेट तर नकोच. आता आपलं नेहमीचं बाथरूम घ्या. चार बाय सहा फूट, म्हणजे साधारण १.२ बाय १.८ मीटर. शॉवर टोकाच्या भिंतीवर धरला तर कोरडा म्हणावा असा दोन फुटांचा पट्टा उरतो, आणि तिथे दार असतं! त्यातून आपण बादली भरून तांब्याने पाणी घेणारी माणसं. पाणी भिंतीवर खांद्याच्या वर उडतं. म्हणजे पुरवणीतल्या त्या सॉकेटला आपल्या बाथरूममध्ये जागाच नाही. 'सोयीची जागा' नाही असं नव्हे, जागाच नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने फोनवर तक्रार केली होती, की मामा, इथे बाथरूममध्ये एक सॉकेट नाही आणि दिवा लावायला छताची दोरी ओढावी लागते. बरोबरच आहे. दाढीच्या मशीनसाठी आत ट्रान्सफॉर्मर असलेला खास सॉकेट मिळतो, तेवढा त्यांना चालतो. बाकी साधा सॉकेट ओल्या भागाच्या हद्दीपासून ३ मीटर दूर हवा असा त्यांचा नियम होता, २०२२च्या दुरुस्तीने तो अडीच मीटर झाला. त्यांच्या घरातल्या बहुतेक न्हाणीघरांत एवढी लांबी निघतच नाही, म्हणून सॉकेटच नाही.

आपल्याकडे गिझर बाथरूममध्येच टांगलेला, तेव्हा पॉइंट आत आणावा लागतो हे मान्य. पण तो साडेसात फुटांच्या वर हवा, आणि स्विच दाराबाहेर हवा. स्विचही डबल पोलचा, म्हणजे फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) दोन्ही एकदम तोडणारा, वर लाल दिवा असलेला. साधा सिंगल स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला मला वरचेवर सापडतो. अशा घरातली माणसं शहाणपणाने 'गिझर बंद करून' अंघोळीला जातात आणि आतली कॉइल फेजवर तशीच जिवंत असते. बाथरूमवर माळा असेल तर छतच सात फुटांवर येतं. तिथे पॉइंट माळ्याच्या वर किंवा बाहेर घ्यावा, माळ्याच्या पोटाखाली चिकटवू नये.

आता पाइप.

डोंबिवली-कल्याण-ठाण्यात १९८०-९०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती घ्या. नाशिक, पुण्यातही याच वयाच्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकींत मीटर रूमपासून घरापर्यंत दोनच वायरी आल्या, फेज आणि न्यूट्रल. पुढे गिझर आले तेव्हा तिसरी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर आणायची कुठून? वायरमनने पाण्याच्या लोखंडी जीआय पाइपला क्लॅम्प मारला आणि हिरवी वायर त्यात अडकवली. पद्धत चांगली नव्हतीच, पण चालून जायची, कारण तो पाइप गच्चीच्या टाकीपासून थेट जमिनीत पुरलेल्या लोखंडी लाइनपर्यंत अखंड होता. गळती झाली तर करंटला जमिनीत जायला वाट होती.

गेल्या काही वर्षांत हे जीआय पाइप आतून गंजून बुजले, पाणी केसाएवढ्या धारेने येऊ लागलं आणि सोसायट्यांनी सरसकट प्लास्टिकचे पाइप टाकले. प्लंबरचं काम उत्तम झालं, नळाला जोर आला, सगळे खूश. त्या दिवशी इमारतीतल्या अनेक गिझरांची अर्थिंग नाहीशी झाली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. क्लॅम्प भिंतीतल्या जुन्या पाइपच्या तुकड्यावर तसाच आहे, हिरवी वायर तशीच आहे, सॉकेटला तीन भोकं आहेत. फक्त त्या तुकड्याचं दुसरं टोक कुठेच जात नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे तो तुकडा वरच्या-खालच्या घरापर्यंत जाणं. मग खालच्या घरातल्या गिझरची गळती वरच्या घरातल्या नळाला येते. वरचे लोक आपला गिझर बदलतात, तरी नळाला शॉक येतोच, आणि मग नवीन गिझरच्या कंपनीला शिव्या बसतात.

गिझरमध्ये नेमकं काय होतं तेही सांगतो. आतली कॉइल उघडी नसते, ती धातूच्या नळीत पांढऱ्या भुकटीत बसवलेली असते. आमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. नळीवर क्षाराचा थर चढतो, नळी तापून तापून तडकते, पाणी आत शिरतं आणि टाकीतलं पाणी, टाकी, त्याला जोडलेला स्टीलचा वेणीचा पाइप, गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ, शॉवर असं सगळं फेजवर येतं. त्वचा ओली असली की शरीराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला हा आकडा पुष्कळ झाला. आणि तुमच्या बोर्डावरची १६ अँपिअरची एमसीबी काय करते? काही नाही. तिच्या हिशेबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंत सगळं आलबेल आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नसते. आपल्याकडे 'एमसीबी बसवलीय, काही होत नाही' हे वाक्य मी सुशिक्षित घरांत जास्त ऐकतो.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. दुकानदार तिला अजून सवयीने ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला की नाही एवढंच ती बघत बसते. ३० मिलिअँपिअरचा फरक झाला तरी पडते, आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडते. दोन पोलची चांगल्या कंपनीची दोन-अडीच हजारांत येते. पुरवणीतल्या त्या बाथरूममधला एक शॉवर त्याहून महाग असेल.

'आमच्या बिल्डिंगला अर्थिंगचा खड्डा आहे, मग ही कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. खड्डा असावाच. पण समजा उन्हाळ्यात तो कोरडा पडला आणि त्याचा रोध दहा ओहम झाला. पूर्ण फेज अर्थला टेकला तरी २३ अँपिअर जाणार. तेवढ्यावर १६ची एमसीबी पडायला बराच वेळ घेऊ शकते. तेवढा वेळ नळ जिवंत. म्हणून दोन्ही हवं : करंटला वाट हवी आणि ती वाट वापरली गेली की तत्क्षणी लाइट घालवणारी वस्तू हवी. तरी आरसीसीबी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर तिला गळती दिसतच नाही.

आता आमच्याच धंद्यातली घाण सांगतो, कारण ती बाहेरचा कुणी सांगणार नाही. जिथे तिसरी वायर नसते तिथे काही लोक सॉकेटच्या आतल्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पितळी पट्टीला बोटभर वायरचा तुकडा टाकतात. टेस्टिंगचा दिवा लावला की छान उजळतो, गिऱ्हाईक समाधानी. पण खाली मीटर रूममध्ये न्यूट्रलचा एक स्क्रू सैल झाला की गिझरची, वॉशिंग मशीनची सगळी बॉडी फेजवर येते, आणि तेही मशीन अगदी धडधाकट असताना. अशा घरात कुणी आरसीसीबी बसवली आणि मशीनची बॉडी पाइपाने किंवा भिंतीने जमिनीला टेकत असेल, तर ती लोड पडताच उडते, कारण परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो. म्हणजे ती तिचं काम चोख करते आहे. त्यावर उपाय काय होतो? आरसीसीबी काढून टाकतात. 'सारखी पडत होती, कटकट नको.' आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इन्व्हर्टरवाल्याने दोन सर्किटांचा न्यूट्रल एकत्र केला तरी हेच होतं आणि उपायही हाच होतो.

मागच्या पावसाळ्यात एका घरी वॉशिंग मशीनच्या तक्रारीसाठी गेलो. मशीन बाथरूममध्येच, कोपऱ्यात, कारण ड्राय बाल्कनीत घरातल्या मुलाच्या अभ्यासाचं टेबल. एक्स्टेन्शन बोर्ड कमोडच्या टाकीवर ठेवलेला. त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "शॉक नाही हो काका, नुसत्या मुंग्या येतात. चप्पल घातली की नाही येत." कंपनीचा माणूस येऊन 'मशीन ओके' असं सांगून गेला होता, आणि तो खरंच बोलत होता. मशीनच्या आत एक फिल्टर असतो, तो किंचित करंट बॉडीवर सोडतच असतो. तिसरी वायर शाबूत असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर मुंग्या. म्हणजे मुंग्या येणं हा मशीनचा दोष नसून तुमच्या भिंतीने दिलेली बातमी आहे. भिंतीवरचा पॉइंट उघडला. प्लेटचे स्क्रू ओलीने असे गंजलेले, की एकाचं डोकंच तुटलं. मागून गिलाव्याची भुकटी पडली, दोन झुरळं निघाली. फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी. हिरवी वायर होती, नाही असं नाही. ती बोटभर लांबीवर कापून, काळ्या टेपने गुंडाळून, पेटीच्या तळाशी दुमडून ठेवलेली. वरच्या मोठ्या भोकामागची पितळी पट्टी कोरी चकचकीत, तिच्या स्क्रूला आयुष्यात कधी वायर लागलेली नव्हती. बाहेरून तो सॉकेट अगदी नवा दिसत होता. वर्षापूर्वीच टाइल्सबरोबर बदलला होता.

कुणी बदलला? टाइल्सवाल्याच्या माणसाने. इथेच सगळं घोडं पेंड खातं. नियमाप्रमाणे वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, परवाना असलेल्या वायरमनच्या हातून. नवीन मीटर घेताना महावितरणला टेस्ट रिपोर्टही द्यावा लागतो. पण तो एकदाच. त्यानंतर तीस-चाळीस वर्षांत त्या घरात गिझर आला, एसी आला, बाथरूम दोनदा फुटलं, इंटीरियरवाला, फॉल्स सीलिंगवाला, प्लंबर असे सगळे येऊन गेले. प्रत्येकाने वायर थोडी थोडी हलवली. पुन्हा कुणी मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून गळती आहे का ते मोजणारा मीटर, लावला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत (आधी २०१०चे, आता २०२३चे) चालू जोडणीचीही ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी असं आहे. घरगुती व्होल्टेजच्या जोडणीची खात्री मालकाने स्वतःच द्यायची आहे. अगदी लहान जोडण्या सोडल्या तर गळती रोखणारं उपकरण हवं, घरांसाठी ते ३० मिलिअँपिअरचं, हेही त्याच नियमांत आहे. कागदावर काही कमी नाही. हा कागद ज्या मालकाने भरायचा, त्याच्यापर्यंत तो पोचलेलाच नाही.

देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांच्या वर माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या आकडेवारीत दिसतं. त्यात शेतातले पंप, तुटलेल्या तारा, कारखाने सगळे आले. घरातल्या बाथरूममधले किती ते वेगळं मोजल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बातमी 'गिझरचा शॉक लागून' अशी छापून येते आणि दोष गिझरच्या माथी जातो.

पाण्यात टाकायच्या रॉडबद्दल दोनच वाक्यं. दोन पिनांचा रॉड घेऊ नका आणि स्टीलच्या बादलीत टाकू नका. पाणी तापलं की नाही हे बोट घालून बघायची सवय असेल, तर आधी नुसता स्विच बंद करून भागणार नाही, पिनही काढून ठेवा. पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घरांत हा रॉड सर्रास चालतो, हे मालकांनाही माहीत असतं.

आता मुद्द्याची मागणी. आपल्या राज्यात सोसायट्यांना इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं : पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांनी, त्यापुढे तीन वर्षांनी. आग विझवण्याच्या यंत्रणेचा 'नमुना ब' दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. लिफ्टचं निरीक्षण होतं. हे सगळं करणारी कमिटी बाथरूमच्या अर्थिंगबद्दल विचारत नाही, कारण ते 'घराच्या आतलं' आहे. पण पाइप तर सोसायटीनेच बदलले ना? मग त्या पाइपांबरोबर गेलेली अर्थिंगही सोसायटीचीच बाब झाली. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. ज्यांच्याकडे पाइप बदलून झाले आहेत किंवा बदलायचे आहेत, त्यांनी विषयपत्रिकेत हा ठराव घ्यावा. मसुदा आयता देतो :

'इमारतीतील पाण्याचे पाइप बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर प्रत्येक घरातील बाथरूमच्या पॉइंटची अर्थिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मोजून घ्यावी. मीटर रूमपासून प्रत्येक घराच्या मेन स्विचपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाकावी. आणि प्रत्येक सभासदाने आपल्या मेन स्विचला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून तसा दाखला कार्यालयात द्यावा.'

सभेत वाद होईल तो खर्चावर. माझ्या मते मीटर रूम ते मेन स्विच सोसायटीचं, तिथून आत सभासदाचं. भाडेकरू असेल तर घरमालकाचं. कुणी म्हणेल, आमच्याकडे आरसीसीबी आहेच. तर तिच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण सभेहून घरी गेल्यावर दाबून बघा. लाइट गेली पाहिजे. नाही गेली तर ती शोभेची आहे, बदला. गेली तर महिन्यातून एकदा दाबत राहा. पण बटणाने फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी मीटर लावूनच मोजावं लागतं.

ठेकेदार कोणताही बोलवा. मी ओळखीतल्यांची नावं सुचवणार नाही. त्याच्या परवान्याची झेरॉक्स घ्या, परवान्याची मुदत वाचा, आणि अहवालात प्रत्येक घरासमोर ओहमचा आकडा लिहून मागा. नुसतं 'ओके' लिहिलेला अहवाल आला तर बिल थांबवा.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)